सायकलीचा वॉल ओळखीचा नाही? हवा भरण्याआधी एवढं समजून घ्या

धाराशिव : शाळेला निघायची वेळ झालेली असते. दप्तर कॅरिअरला लावून सायकल अंगणातून बाहेर काढावी, तर मागचं चाक बसलेलं. घरात पंप असतो, पण त्याचं टोक या सायकलीच्या वॉलवर बसत नाही. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडं नेली तर तो वॉलकडं बघतो, मान हलवतो आणि म्हणतो, "ह्याला आपल्याकडं हवा बसत नाही, शहरात न्या."

खरं तर अशा वेळी ट्यूब धड असते आणि पंपही धड असतो. फक्त दोघांची जोडी जमत नाही. सायकलीच्या ट्यूबला बसवलेले वॉल, म्हणजेच व्हॉल्व्ह, मुख्यतः तीन प्रकारचे असतात. आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या त्यातला एकच प्रकार वापरात होता. आता गिअरच्या सायकली, हायब्रिड सायकली, पुण्या-मुंबईहून भावाने गावी पाठवलेल्या जुन्या सायकली दारात दिसू लागल्या आणि त्यांच्याबरोबर बाकीचे दोन प्रकारही आले.

हे तीन प्रकार ओळखायचे कसे, हवा कशी भरायची, दुकानात ट्यूब घेताना काय सांगायचं आणि कोणते जुगाड टाळायचे, ते पाहू.

हा विषय आपल्यासाठी महत्त्वाचा का?

मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीत शिकणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य दिलं जातं. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे. २०२२ मध्ये ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये करण्यात आली. पैसे बँक खात्यात येतात आणि सायकल घरच्यांनीच निवडायची असते. रंग, कॅरिअर, बास्केट सगळं पाहिलं जातं. ट्यूबला कोणता वॉल आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

२०१८ मध्ये नीती आयोगाने देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे होते. नंदुरबार, गडचिरोली, वाशिमबरोबर चौथा आपला, तेव्हाचा उस्मानाबाद. अशा जिल्ह्यात चार-पाच किलोमीटरवरच्या शाळेला जाणाऱ्या मुलीसाठी सायकल ही हौसेची वस्तू नसते. ती बंद पडली तर एसटीची वाट पाहणं, कुणाच्या तरी गाडीवर बसून जाणं किंवा घरी थांबणं, एवढेच पर्याय उरतात. त्यात ती बंद पडण्याचं कारण केवळ 'हवा भरता येत नाही' हे असेल, तर ते घरच्या घरी सुटण्यासारखं आहे.

वॉल नेमकं करतो काय?

वॉलचं काम एकच. हवा आत जाऊ द्यायची, बाहेर येऊ द्यायची नाही. एकाच दिशेने उघडणारं ते दार आहे. तिन्ही प्रकारांत फरक आहे तो हे दार बंद ठेवण्याच्या पद्धतीत. एकात ते काम रबर करतं, दुसऱ्यात स्प्रिंग करते आणि तिसऱ्यात छोटं नट व ट्यूबमधली हवा मिळून करतात. ही गोष्ट लक्षात राहिली की पुढचं सगळं सोपं होतं.

प्रकार पहिला : वॉलट्यूबवाला जुना वॉल

दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या, आजोबांच्या काळ्या सायकलीला असतो तोच. याला डनलॉप वॉल किंवा वूड्स वॉल म्हणतात. काही देशांत त्याला इंग्लिश वॉल असंही नाव आहे.

*ओळख कशी पटवायची?* खालचा भाग जाड, वरचं टोक बारीक आणि मध्ये गोल कडेचं एक नट. हे नट हाताने फिरवलं की आतला भाग अख्खा बाहेर निघतो. त्या आतल्या दांडीवर रबराची बारीक नळी चढवलेली असते. तीच आपली वॉलट्यूब.

*काम कसं चालतं?* दांडीच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं. पंपाची हवा त्या छिद्रातून येते, वॉलट्यूबला फुगवून तिच्या कडेने आत शिरते. पंप थांबला की ट्यूबमधली हवा रबराला पुन्हा छिद्रावर दाबून धरते आणि दार बंद होतं. स्प्रिंग नाही, पिन नाही. काही नव्या वॉलमध्ये वॉलट्यूबऐवजी छोटी गोळी किंवा दट्ट्या असतो. त्याला पंप मारायला कमी जोर लागतो.

*फायदा :* दुरुस्तीला हत्यार लागत नाही आणि वॉलट्यूबचा तुकडा अगदी स्वस्तात मिळतो. हा प्रकार खेड्यापाड्यात टिकून राहिला त्यामागे हे मोठं कारण आहे.

*तोटा :* हवा भरताना रबराचा विरोध मोडून काढावा लागतो, म्हणून जोर जास्त लागतो. दुसरं म्हणजे साध्या गेजने दाब मोजता येत नाही, कारण गेज लावलं तरी आतली हवा रबर ओलांडून बाहेर येत नाही. म्हणूनच आपल्याकडं टायर अंगठ्याने दाबून हवा 'बघायची' पद्धत पडली.

वॉलट्यूब बदलायची कशी?

उन्हाळ्यात सायकल दिवसभर उन्हात उभी असेल तर वॉलट्यूब लवकर कडक होते, चिरते किंवा चिकटते. पंक्चर नसतानाही रोज थोडी हवा कमी होत असेल तर पहिला संशय तिच्यावर घ्यावा.

- वॉलच्या टोकावर थुंकीचा किंवा साबणाच्या पाण्याचा थेंब लावा. बुडबुडा आला तर वॉल गळतोय.
- नट हळूहळू सैल करा. उरलेली हवा जोरात निघते, तेव्हा तोंड जवळ नेऊ नका.
- दांडी बाहेर काढून जुनं रबर पूर्ण काढा. तुकडा चिकटून राहू देऊ नका.
- नवी वॉलट्यूब पाण्याने ओली करून दांडीवर चढवा. बाजूचं छिद्र पूर्ण झाकून ती थोडी पुढं गेली पाहिजे.
- दांडी पुन्हा बसवा, नट हातानेच घट्ट करा आणि हवा भरा.

वॉलट्यूब सहज चढावी म्हणून खोबरेल तेल किंवा ऑइल लावू नका. तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. पाणी पुरेसं आहे.

प्रकार दुसरा : मोटारसायकलसारखा वॉल

याचं नाव श्रेडर वॉल. मोटारसायकल, स्कूटर, रिक्षा, कार, ट्रॅक्टर अशा सगळ्या गाड्यांना हाच असतो. त्यामुळे नाव नवं वाटलं तरी वस्तू रोजच्या पाहण्यातली आहे. गिअरच्या आणि जाड टायरच्या अनेक सायकलींना, लहान मुलांच्या बऱ्याच सायकलींना तोच येतो.

*ओळख :* वरपासून खालपर्यंत एकसारखा जाड, साधारण आठ मिलिमीटर. बाहेरून बहुतेक वेळा रबराचं आवरण. टोपी काढून आत पाहिलं की मधोमध एक छोटी पिन दिसते. ती नखाने दाबली की फुस्सकन हवा येते.

*काम :* पिनखाली स्प्रिंग असते आणि ती दार बंद ठेवते. पंपाचं टोक बसलं की त्यातला दट्ट्या पिन दाबतो, दार उघडतं. टोक काढलं की स्प्रिंग दार लावते.

*फायदा :* मोटारसायकलच्या कुठल्याही पंक्चर दुकानात, पेट्रोल पंपावर हवा मिळते. गेजने दाब मोजता येतो. आतली पिन बिघडली तर छोट्या चावीने ती फिरवून नवी बसवता येते, ट्यूब बदलावी लागत नाही.

*तोटा :* जुन्या हातपंपाचं बारीक टोक यावर बसत नाही. पंप घेताना ते विचारून घ्यावं लागतं. टोपी हरवली की पिनेपाशी धूळ आणि चिखल साचतो. पिन नीट बसत नाही आणि हवा हळूहळू जाते. काळ्या मातीच्या रस्त्यावर सायकल चालवणाऱ्यांनी टोपी सांभाळलीच पाहिजे.

प्रकार तिसरा : बारीक, लांब आणि टोकाला नट असलेला

सर्वांत जास्त गोंधळ याचाच होतो. नाव प्रेस्टा. काही ठिकाणी फ्रेंच वॉल किंवा स्क्लाव्हरँड वॉल म्हणतात. रेसिंगच्या, बारीक टायरच्या आणि महागड्या हायब्रिड सायकलींना तो असतो.

*ओळख :* पूर्ण धातूचा, सडपातळ, साधारण सहा मिलिमीटर जाडीचा. वर बारीक दांडी आणि तिच्यावर ज्वारीच्या दाण्याएवढं नट.

*लोक चुकतात कुठं?* ते छोटं नट सैल न करताच पंप मारतात. कितीही जोर लावला तरी हवा आत जात नाही. मग 'वॉल जाम झालाय' असं ठरतं. प्रत्यक्षात दाराला आतून कडी लावलेली असते आणि ती उघडायची राहून गेलेली असते.

हवा भरण्याची रीत अशी :

- प्लॅस्टिकची टोपी काढा.
- टोकाचं छोटं नट उलट्या दिशेने फिरवून वरपर्यंत सैल करा. ते दांडीवरून निघून पडत नाही.
- नट बोटाने एकदा हलकेच दाबा. थोडी हवा आली म्हणजे दार मोकळं झालं. बरेच दिवस उभ्या असलेल्या सायकलीत ते आतून चिकटलेलं असतं.
- पंपाचं टोक सरळ बसवा, तिरकं नको. हवा भरा.
- टोक सरळ ओढून काढा, नट पुन्हा घट्ट करा, टोपी लावा.

ही बारीक दांडी नाजूक असते. पंप हलवताना वॉलला हिसका बसला तर ती वाकते. थोडी वाकली असेल तर बोटाने हळूच सरळ होते, पण पुन्हा पुन्हा वाकली की तुटते.

प्रेस्टातच जास्त दाब टिकतो, असा एक समज आहे. तो पूर्ण बरोबर नाही, श्रेडरही चांगला दाब धरतो. प्रेस्टाचा खरा उपयोग वेगळा आहे. रेसिंग सायकलीची रिम अरुंद असते. तिला मोठं छिद्र पाडलं तर ती कमजोर होते, म्हणून बारीक वॉल. शिवाय त्यात स्प्रिंग नसल्यामुळे हातपंपाने जास्त दाबापर्यंत हवा भरणं सोपं जातं.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगची आवड महाराष्ट्रात वाढली तसा हा वॉलही पसरला. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली, त्यानंतर राज्यात या खेळाची चर्चा बरीच वाढली. पुण्या-नाशिकच्या रस्त्यांवर अशा सायकली आता नवीन नाहीत. त्यातल्या काही सेकंड हँड होऊन जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचतात, पण त्यांच्या पंपाचं टोक आणि सुटे भाग बरोबर येत नाहीत.

एकाच कामाला तीन वॉल कशासाठी?

या तिन्हींचा जन्म जवळपास एकाच काळातला. हवा भरलेल्या टायरची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्येच मांडली होती, पण ती चालली नाही. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी सायकलीसाठी हवेचा टायर आणला आणि काही वर्षांतच भरीव रबराचे टायर मागे पडले. मग हवा धरून ठेवणारा चांगला वॉल कोण बनवणार, ही शर्यत सुरू झाली.

इंग्लंडमध्ये १८९१ च्या सुमारास वूड्स यांचा रबरी नळीचा वॉल आला. न्यूयॉर्कमध्ये पाणबुड्यांच्या साहित्याच्या धंद्यात असलेल्या ऑगस्ट श्रेडर यांच्या कारखान्यात स्प्रिंगचा वॉल तयार झाला. फ्रान्समध्ये एतिएन स्क्लाव्हरँड यांनी बारीक वॉल बनवला. अमेरिकेचा वॉल मोटारींनी उचलला, फ्रान्सचा शर्यतीच्या सायकलींनी, तर इंग्लंडचा साध्या, रोजच्या सायकलींनी.

भारतात सायकल आली ती ब्रिटिश घडणीची. देशात कारखाने निघाले तेव्हाही तोच साचा राहिला आणि वॉलही तोच. जपानमध्ये, नेदरलँड्समध्येही घरगुती सायकलींना हा वॉल आजही दिसतो. त्यामुळे आपला वॉल 'जुनाट' म्हणून हिणवण्याचं कारण नाही. हत्यार न लागता रस्त्याच्या कडेला दुरुस्त होणारा तिघांपैकी तोच आहे.

अडॅप्टर : खिशात ठेवायची एक छोटी वस्तू

प्रेस्टा वॉलच्या सायकलीसाठी सर्वांत सोपा उपाय म्हणजे अडॅप्टर. पितळेची टोपणाएवढी वस्तू. प्रेस्टाचं नट सैल करायचं, त्यावर अडॅप्टर फिरवून बसवायचा, आणि तो वॉल बाहेरून श्रेडर होतो. मग मोटारसायकलच्या दुकानातही हवा भरता येते. सायकलीच्या दुकानात आणि ऑनलाइन तो स्वस्तात मिळतो. वॉलट्यूबवाल्या जुन्या वॉलसाठीही असा अडॅप्टर मिळतो. प्रेस्टासाठी बनवलेल्या पंपाचं टोक बहुतेक वेळा या जुन्या वॉलवरही चालतं.

हल्ली चार्जिंगवर चालणारे छोटे पंप मिळतात. त्यांचं मूळ टोक सहसा श्रेडरचं असतं आणि सोबतच्या पिशवीत प्रेस्टाचं टोक व फुटबॉलची सुई येते. ती पिशवी खोक्याबरोबर फेकली जाते आणि पुढं अडचण होते. ती जपून ठेवा.

रस्त्यात अडकलात आणि अडॅप्टर नसेल तर एक तात्पुरता उपाय आहे. प्रेस्टाच्या प्लॅस्टिक टोपीचं बंद टोक ब्लेडने थोडं कापा, नट सैल करा आणि टोपी उलटी करून वॉलवर फिरवा. श्रेडरच्या पंपाचं टोक त्यावर कसंबसं बसतं. थोडी हवा बाहेर निसटते, पण घरी पोहोचण्यापुरती आत जाते. कायमसाठी मात्र अडॅप्टरच घ्या.

पेट्रोल पंपावर हवा भरताना जपून

पेट्रोल पंपावर वाहनाला मोफत हवा मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे. श्रेडर वॉल किंवा अडॅप्टर असेल तर सायकलीलाही तिथं हवा भरता येते. पण एक धोका लक्षात घ्या.

रेसिंग सायकलीच्या बारीक ट्यूबमध्ये जागा किती असते? टायरची जाडी २५ मिलिमीटर आणि चाकाचा घेर साधारण दोन मीटर धरला तर हिशेब एक लिटरच्या आसपास येतो. कारच्या टायरमध्ये याच्या वीसपट किंवा त्याहून अधिक हवा मावते. कॉम्प्रेसर कारसाठी बनलेला असतो. सायकलीची ट्यूब तो काही क्षणांत भरतो आणि हात काढायला थोडा उशीर झाला तर टायर रिमवरून सुटून ट्यूब फुटते. आवाज बंदुकीसारखा येतो आणि चेहरा जवळ असेल तर इजा होऊ शकते.

म्हणून कॉम्प्रेसरवर हवा भरायची तर थोडी थोडी भरा. एक-दोन सेकंद दाबा, थांबा, टायर बोटाने पाहा, मग पुन्हा. मुलांना हे काम एकट्याने करू देऊ नका.

किती हवा भरायची?

याचं उत्तर टायरवरच छापलेलं असतं. टायरच्या बाजूला बारीक उठावाच्या अक्षरांत दाबाचा आकडा असतो, बहुतेक वेळा पीएसआय या एककात. काही टायरवर बार हे एकक असतं. एक बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय.

ढोबळ अंदाज असा : जाड टायरच्या सायकलीला ३० ते ५०, हायब्रिडला ५० ते ७५, रेसिंगच्या बारीक टायरला ८० किंवा त्याहून पुढं. पण टायरवरचा आकडा आणि हा अंदाज यांत फरक असेल तर टायरवरचा आकडाच खरा मानायचा. कमाल मर्यादा लिहिलेली असेल तर ती ओलांडायची नाही. वजन मागच्या चाकावर जास्त येतं, म्हणून मागं थोडी जास्त हवा ठेवतात. मागं कुणाला बसवायचं असेल तर तेही धरा.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट. हवा तापली की दाब वाढतो. सकाळी २५ अंशांना ५० पीएसआय भरलेला टायर दुपारी उन्हात ५५ अंशांपर्यंत तापला तर दाब ५६ पीएसआयच्या पुढं जातो. चांगल्या टायरला हा फरक सहज सोसतो. पण कड झिजलेला जुना टायर आणि आधीच ठासून भरलेली हवा असेल तर फुटण्याचा धोका असतो. मे महिन्यात सायकल सावलीत लावा आणि हवा अगदी कमाल आकड्यापर्यंत भरू नका.

ट्यूब घेताना दुकानात काय सांगाल?

'सव्वीसची ट्यूब द्या' एवढं सांगणं पुरेसं नाही. तीन गोष्टी सांगा : चाकाचा आकार, टायरची जाडी आणि वॉलचा प्रकार.

आकार टायरवरून वाचून घ्या किंवा मोबाइलवर त्याचा फोटो काढा. टायरवर ३७-६२२ अशी आकड्यांची जोडी असते. पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. इंचांत फसगत होते. 'सव्वीस इंची' म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरमध्ये ५५९ चाही असतो आणि ५९० चाही. हे दोन टायर एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. मिलिमीटरचा आकडा फसवत नाही.

ट्यूबच्या खोक्यावर वॉलचा प्रकार इंग्रजी अक्षरांत असतो. 'ए व्ही' म्हणजे मोटारसायकलसारखा श्रेडर. 'एफ व्ही' म्हणजे प्रेस्टा. 'डी व्ही' किंवा 'ई व्ही' म्हणजे आपला वॉलट्यूबवाला. 'एस व्ही' लिहिलं असेल तर थांबा. काही कंपन्या ते श्रेडरसाठी वापरतात, काही स्क्लाव्हरँडसाठी, म्हणजे प्रेस्टासाठी. अशा वेळी खोकं उघडून वॉल डोळ्यांनी पाहूनच पैसे द्या. प्रेस्टा घेताना वॉलची लांबीही पाहा. उंच कडेच्या रिमला आखूड वॉल घेतला तर तो बाहेर पुरेसा येतच नाही.

वॉलचा प्रकार बदलता येतो का?

काही वेळा येतो. वॉलट्यूबवाल्या आणि श्रेडर वॉलला रिमचं छिद्र जवळपास सारखंच लागतं, सुमारे साडेआठ मिलिमीटर. त्यामुळे त्याच मापाची श्रेडरची ट्यूब जुन्या सायकलीला सहसा बसते. गावात मोटारसायकलची दुकानं जास्त असतील आणि सायकलीचं दुकान बंद झालं असेल, तर पुढची ट्यूब श्रेडरची घेणं सोयीचं.

प्रेस्टाच्या बाबतीत जपावं लागतं. त्याचं छिद्र सुमारे साडेसहा मिलिमीटरचं. मोठ्या छिद्राच्या रिमला प्रेस्टाची ट्यूब घातली तर वॉल छिद्रात हलत राहतो आणि बुडाशी ट्यूब कापली जाते. मध्ये छोटी रिंग घातली तर चालतं. उलट, प्रेस्टाच्या रिमला ड्रिल मारून छिद्र मोठं करण्याचा जुगाड टाळा. अरुंद रिम तिथं कमजोर होते आणि ड्रिलची धारदार कड ट्यूब कापते. वॉल बसत नाही म्हणून प्रेस्टाचं टोक पकडीने तोडणं हाही तसाच प्रकार. त्यानंतर ट्यूब फेकावीच लागते.

हवा जातेय, पण दोष कुणाचा?

ट्यूब फुगवून पाण्याच्या घमेल्यात बुडवली की बुडबुडे जागा दाखवतात. ती जागा कारण सांगते.

- *बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक :* बाभळीचा काटा किंवा सराटा. ट्यूब जोडण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवून काटा काढा. नाहीतर पॅच लावल्यावर तोच काटा पुन्हा लागतो.
- *शेजारी शेजारी दोन भोकं :* हवा कमी असताना सायकल खड्ड्यात गेली आणि ट्यूब रिममध्ये चिमटली.
- *रिमच्या बाजूला भोक :* स्पोकचं टोक वर आलंय किंवा रिमवरची पट्टी सरकलीय. पट्टी बदला.
- *वॉलच्या बुडाशी चीर :* कमी हवेवर सायकल चालवल्याने ट्यूब टायरबरोबर सरकली आणि वॉल ओढला गेला. इथं पॅच टिकत नाही, ट्यूब बदलावी लागते.

शेवटच्या प्रकाराची आधी सूचना मिळते. वॉल रिममधून सरळ बाहेर न येता तिरका दिसू लागतो. तसा दिसला की सगळी हवा सोडा, टायर दोन्ही हातांनी मागे-पुढे सरकवून वॉल सरळ करा आणि पुन्हा हवा भरा. पाच मिनिटांच्या या कामाने नव्या ट्यूबचा खर्च वाचतो.

सायकल घेतानाच विचारा

नवी किंवा जुनी, कोणतीही सायकल घेताना दुकानदाराला चार प्रश्न विचारा. वॉल कोणता आहे? त्याला बसणारा पंप तुमच्याकडे मिळेल का? याच मापाची ट्यूब इथं मिळते का? आणि गावाजवळच्या दुकानात याला हवा भरता येईल का?

मुलीसाठी रोज शाळेला जायची सायकल घेत असाल तर वॉलट्यूबवाला किंवा श्रेडर वॉल सोयीचा. पहिल्याची दुरुस्ती घरी होते, दुसऱ्याला मोटारसायकलच्या दुकानात हवा मिळते. प्रेस्टाची सायकल आवडली किंवा भेट मिळाली असेल तर हरकत नाही. पण त्याच दिवशी दोन अडॅप्टर घ्या. एक घरी पंपाला लावून ठेवा, दुसरा सायकलीच्या सीटखालच्या पिशवीत.

पंक्चरच्या दुकानदारांसाठीही हे फायद्याचं आहे. प्रेस्टाचे चार-पाच अडॅप्टर दुकानात ठेवायला खर्च फारसा नाही. 'हवा बसत नाही' म्हणून परत जाणारं गिऱ्हाईक त्याने थांबतं आणि पुढच्या वेळी ट्यूबही तुमच्याकडूनच घेतं.

वॉल कसा वापरायचा हे सायकल चालवणाऱ्या मुलीलाही एकदा दाखवून द्या. वॉलट्यूब बदलणं, छोटं नट सैल करणं, अडॅप्टर बसवणं, यातलं काहीच दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेत नाही. सायकल तिची, रस्ता तिचा, तर हवा भरायलाही तिला कुणाची वाट पाहावी लागू नये.

थोडक्यात लक्षात ठेवा

- नट फिरवून आत रबरी नळी दिसली : डनलॉप. वॉलट्यूब बदला, तेल लावू नका.
- जाड वॉल आणि मधोमध पिन : श्रेडर. मोटारसायकलची हवा चालते, थोडी थोडी भरा.
- बारीक वॉल आणि टोकाला छोटं नट : प्रेस्टा. आधी नट सैल करा, अडॅप्टर जवळ ठेवा.
- दाब टायरवर लिहिलेला असतो. तो वाचा, अंदाज नको.
- वॉल तिरका दिसला तर त्याच दिवशी सरळ करा.